शाळेची सुटी, कचेरीची सुटी आणि आवणीचे दिवस

सुट्यांचा विषय शेतीच्या मासिकांत कशाला, असें कांहीं वाचकांस वाटेल. परंतु ज्याच्या घरीं शाळेंत जाणारें मूल आहे, ज्याच्या नांवें सात-बारा आहे, आणि ज्याची आवणी पावसाच्या मर्जीवर अवलंबून आहे, अशा गृहस्थानें एकदां भिंतीवरील दिनदर्शिका खालीं काढून तिच्यांतील तांबडे आंकडे मोजून पाहावे. कोणत्या तांबड्या दिवशीं कचेरी बंद, कोणत्या दिवशीं शाळा बंद व कोणत्या दिवशीं बँक बंद, हें त्यास त्या कागदावरून खात्रीनें सांगतां येणार नाहीं. मी महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालों. सुट्यांचीं परिपत्रकें नोंदवहींत चढविण्याचें काम कित्येक वर्षें माझ्याकडे होतें. तरीहि शेजाऱ्यानें "उद्यां शाळा आहे का हो?" असें विचारलें, म्हणजे मला पुतण्याच्या मुलास हाक मारून त्याची वही पाहावी लागते.

काल्हेर हें ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडून भिवंडीकडे येतांना लागणारें गांव. एका अंगास खाडी, दुसऱ्या अंगास गोदामांच्या रांगा, रस्त्याच्या कडेनें उभे राहिलेले मेट्रोचे खांब, आणि या सर्वांच्या फटींत जें कांहीं भात राहिलें असेल तें. ज्यांच्या जमिनी गोदामांखालीं गेल्या त्यांतील पुष्कळांचें थोडेंबहुत शेत पलीकडच्या गांवांत असतें. आणि ज्यांचें मुळींच उरलें नाहीं तेहि अद्याप भाताच्या हिशेबानेंच महिने मोजतात. अशा गांवांत एकाच ओसरीवर तीन शाळांचीं दप्तरें पडलेलीं दिसतात. थोरला मुलगा जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेंत, धाकटी मुलगी खासगी इंग्रजी शाळेंत, आणि शेजारच्या खोलींत राहणाऱ्या यंत्रमाग कामगाराचा मुलगा भिवंडीच्या उर्दू शाळेंत. पहिल्याची दिवाळीची सुटी मोठी, दुसरीस नाताळांत आठवडाभर घरीं बसावयाचें, तिसऱ्याच्या शाळेचें वेळापत्रक रमजानप्रमाणें बदलावयाचें. मुलांना आपापली एकेक यादी ठाऊक असली म्हणजे झालें. त्यांना सांभाळणाऱ्या आजीस मात्र तिन्ही पाठ असाव्या लागतात.

आतां या सुट्या येतात कोठून, तें पाहूं. सरकारी सार्वजनिक सुट्यांची यादी राज्याचा सामान्य प्रशासन विभाग काढतो, आणि तिच्या माथ्यावर दरवर्षीं एकच आधार लिहिलेला असतो: परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१, कलम २५. हा कायदा हुंड्या, वचनचिठ्ठ्या व धनादेश यांचा आहे. हुंडीची मुदत नेमकी सुटीच्या दिवशीं भरली तर पैसे कधीं द्यावयाचे, हा पेढीवरचा प्रश्न सोडविण्यासाठीं तें कलम घातलें गेलें. अशी हुंडी आदल्या कामाच्या दिवशीं देय झाली असें समजावें, असें तें सांगतें. मूळ कलमांत रविवार, इंग्रजी वर्षारंभ, नाताळ व गुड फ्रायडे एवढेच दिवस नांवानिशीं होते. बाकीचे सरकारनें जाहीर करावयाचे. राज्य सरकार आज जी यादी काढतें, ती केंद्राच्या गृह मंत्रालयाच्या ८ मे १९६८ च्या अधिसूचनेनें सोंपविलेल्या अधिकारांत काढतें. म्हणजे जी यादी पाहून आपण मूल शाळेंत धाडावें कीं न धाडावें हें ठरवितों, ती मुळांत सावकारी व्यवहारासाठीं जन्मास आली. शाळेचा विचार तिच्यांत कोणीं केला नव्हता, व करण्याचें कारणहि नव्हतें.

शाळेचा हिशेब निराळ्या वहींत आहे. माध्यमिक शाळा संहितेच्या नियम ५२.२ प्रमाणें वर्षांतील सर्व प्रकारच्या सुट्या मिळून ७६ दिवसांवर जातां कामा नयेत, आणि नियम ५४.३ प्रमाणें कामाचे दिवस २३० च्या खालीं येतां कामा नयेत. शिक्षणहक्काचा २००९ सालचा कायदा पहिली ते पांचवीस २०० दिवस व ८०० तास, आणि सहावी ते आठवीस २२० दिवस व १,००० तास अध्यापन मागतो. ७६ दिवसांपैकीं उन्हाळ्याची सुटी, मेच्या आरंभापासून जूनच्या मध्यापर्यंत धरली तर, रविवार वगळून साधारण ३८ दिवस खाते. दिवाळीचे चौदा धरा. उरले चोवीस, आणि सरकारी यादींतील नांवेंहि चोवीसच. वरवर पाहतां जमाखर्च तंतोतंत जुळला असें वाटतें.

परंतु चोवीस नांवें म्हणजे चोवीस दिवस नव्हेत. २०२५ सालचीच यादी घ्या. तिच्यांत गांधी जयंती व दसरा एकाच २ ऑक्टोबरला आले, स्वातंत्र्यदिन व पारशी नववर्ष एकाच १५ ऑगस्टला. राहिले बावीस. प्रजासत्ताक दिन, गुढी पाडवा, रामनवमी व मोहरम हे चार रविवारीं पडले. राहिले अठरा. महाराष्ट्र दिन, बुद्ध पौर्णिमा व बकरी ईद उन्हाळ्याच्या सुटींत, आणि लक्ष्मीपूजन व बलिप्रतिपदा दिवाळीच्या सुटींत गेलीं. हातीं राहिले तेरा. शाळेचें वर्ष जूनपासून मोजलें तर एक-दोन दिवस इकडेतिकडे होतील. पण सरकारी यादी जशीच्या तशी पाळूनहि शाळेच्या पदरीं वर्षाकाठीं दहा-अकरा दिवस शिल्लक राहतात, एवढें खरें. हे दहा-अकरा दिवस कोणाच्या सोयीनें खर्च व्हावेत, एवढाच माझ्या लेखाचा प्रश्न आहे.

आज ते कसे खर्च होतात? कांहीं जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक सुट्यांत. १९५८ सालच्या शासननिर्णयान्वयें जिल्हाधिकाऱ्यांस वर्षांतून तीन स्थानिक सुट्या देतां येतात. त्या बँकांस व न्यायालयांस लागू नसतात, म्हणून त्या दिवशीं कचेरीस कुलूप आणि बँक मात्र उघडी, अशी मौज असते. दोन-तीन दिवस मुख्याध्यापकांच्या अधिकारांतले. कांहीं अकस्मात. लतादीदींच्या निधनानंतर ७ फेब्रुवारी २०२२ रोजीं, तसेंच २२ जानेवारी २०२४ रोजीं राज्यानें ऐन वेळीं सार्वजनिक सुटी दिली. २०२३ सालीं अनंत चतुर्दशी व ईद-ए-मिलाद दोन्ही २८ सप्टेंबरलाच आल्यामुळें सरकारनें २९ तारखेस सुटी जाहीर केली. भिवंडीसारख्या शहरास तें हिताचेंच होतें. अतिवृष्टीच्या दिवशीं फक्त शाळांना सुटी मिळते, कचेऱ्यांना नाहीं. आणि ज्यांनीं २६ जुलै २००५ चा दिवस खाडीकांठीं काढला त्यांतील कोणी या सुटीस नांवें ठेवणार नाहीं. पण ही बातमी रात्रीं उशिरां मोबाइलवर येते, व ज्याच्याकडे मोबाइल नाहीं त्याचें मूल सकाळीं भिजत शाळेच्या दारापर्यंत जाऊन परत येतें.

याहून नित्याची अडचण शनिवारची. रविवारची सुटी ही या देशांत गिरणी कामगारांनीं मिळविलेली वस्तु आहे. आपल्या ठाण्यांत जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीनें ती १८९० सालीं पदरांत पडली. शनिवारची मात्र सरकारी नोकरांस अलीकडे लाभली. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्याच्या कचेऱ्या पांच दिवसांच्या आठवड्यावर आल्या, शाळा त्यांतून वगळल्या. तेव्हांपासून दर शनिवारीं सकाळीं मूल शाळेंत असतें व तालुका कचेरी बंद असते. शेतकऱ्यास शाळेच्या कामासाठीं कचेरीचा कागद लागतो. तो कागद मिळविण्याचे दिवस सोमवार ते शुक्रवार, म्हणजे नेमके गड्यांच्या मजुरीचे दिवस.

२०१७ सालची एक गोष्ट सांगतों. त्या वेळीं मी एका तालुका कचेरींत होतों. ती कोणती, हें सांगण्याचें कारण नाहीं. तेव्हां कचेऱ्या दुसऱ्या व चौथ्या शनिवारीं बंद असत. २४ जूनला चौथा शनिवार, २५ ला रविवार, २६ ला रमजान ईद, असे तीन दिवस लागून आले होते. शाळा मात्र शनिवारीं सकाळीं भरली होती. राहिलेलें टिपण पुरें करण्यासाठीं मी मागच्या दारानें आंत जाऊन बसलों होतों. दहाच्या सुमारास खाडीकडच्या एका गांवची बाई मुलास घेऊन आली. मुलाच्या सवलतीच्या अर्जास उत्पन्नाचा दाखला पाहिजे होता. शाळेनें शेवटची तारीख मंगळवार, २७ सांगितली होती. शाळा चालू आहे म्हणजे कचेरीहि चालू असणार, असा त्या माउलीचा सरळ समज. खिडकींतून ती म्हणाली, "भाऊसाहेब, शाला चालू हाय, न कचेरी कशी बंद?"

मीं तिला मंगळवारीं येण्यास सांगितलें. मंगळवारीं ती आली, तर तलाठ्याचा अहवाल जोडलेला नव्हता. बुधवार तलाठ्याकडे गेला. गुरुवारीं दाखला हातीं पडला, आणि अर्जाची मुदत तर दोन दिवसांपूर्वींच टळली होती. त्या साली पाऊस वेळेवर लागला होता, राबांतलें रोप उपटावयास आलें होतें, आणि आवणीस सांगितलेलीं माणसें तिनें दोनदां परत पाठविलीं होतीं. चार दिवस बुडाले व मुलाची वर्षाची सवलतहि गेली. यांत नियमबाह्य असें कोणींच कांहीं केलें नव्हतें. शाळेची तारीख बरोबर, कचेरीची सुटी बरोबर, तलाठ्याचा अहवालहि नियमास धरून. सुटीचें परिपत्रक मीच फलकावर टांचणीनें लावलें होतें; पण तो फलक आंतल्या पडवींत होता, आणि तेथवर पोंचण्यास कचेरी उघडी असावी लागते. ही गोष्ट माझ्या ध्यानांत त्या गुरुवारीं आली, तोंवर माझ्या नोकरीचीं बहुतेक वर्षें उलटून गेलीं होतीं.

यावर कित्येक सुशिक्षित लोक सुचवितात कीं शाळा व कचेरी यांची यादी सरसकट एकच करावी, म्हणजे शाळेसहि शनिवार द्यावा. गणित मांडून पाहा. वर्षाचे ३६५ दिवस. त्यांतून ५२ रविवार व ७६ सुट्या वजा केल्या तर उरतात २३७. नियमास हवेत २३०. म्हणजे अवघ्या सात दिवसांची शिल्लक आहे. मोठ्या सुट्यांबाहेर चाळीसेक शनिवार येतात. ते दिले तर कामाचे दिवस दोनशेंच्या आंत उतरतील, आणि पहिलीच्या मुलासाठीं कायद्यानें घातलेली किमान मर्यादाहि राहणार नाहीं. खासगी शाळा इतर दिवशीं तास वाढवून हें साधतात. त्यांच्या दाराशीं गाडी येते. दोन मैल चालत येणाऱ्या मुलाचा दिवस वाढवून चालणार नाहीं.

दुसरा पक्ष म्हणतो कीं सुट्याच कमी करा. हें मत नवें नाहीं. १९६४ ते १९६६ या काळांत काम केलेल्या कोठारी शिक्षण आयोगानें, ज्याचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक होते, शाळांचे दिवस २३४ पर्यंत न्यावेत, व मोठ्या सुट्या सोडून बाकीच्या वर्षाला दहाच्या आसपास आणाव्या, अशी शिफारस केली होती. प्रत्येक धार्मिक दिवशीं वा जयंतीस शाळा बंद ठेवण्याचें कारण नाहीं, असेंहि त्याचें म्हणणें होतें. उत्तर प्रदेशानें २०१७ सालीं थोर पुरुषांच्या नांवच्या पंधरा सुट्या रद्द करून त्या दिवशीं शाळेंत त्यांची माहिती सांगण्याचें ठरविलें. मुंबई उच्च न्यायालयानेंहि जानेवारी २०२२ मध्यें, आपल्या शेजारच्या दादरा व नगर हवेलीच्या २ ऑगस्टच्या सुटीच्या प्रकरणांत, सार्वजनिक सुटी हा कोणाचा मूलभूत हक्क नव्हे असें सांगितलें. तत्त्व म्हणून हें मला मान्य आहे. परंतु वर दाखविल्याप्रमाणें यादीमुळें शाळेचे तेराच दिवस जातात. तेवढ्यासाठीं गांवांत कोणाचा सण काढला व कोणाचा ठेवला हा वाद कोणीं अंगावर घ्यावा? मला वाटतें, सरकारी यादी मराठी, इंग्रजी, उर्दू अशा सर्व शाळांनीं अक्षरशः पाळावी, तीहून एक दिवस कमी नाहीं व अधिक नाहीं. म्हणजे निदान तेवढे तांबडे आंकडे तरी सर्वांच्या घरीं एकाच अर्थाचे होतील.

आतां त्या उरलेल्या दहा-अकरा दिवसांकडे येतों. आमच्या भागांतील शाळेंत हजेरीपत्रक उघडून पाहिलें तर कांहीं दिवशीं पटावर मुलें असतात व वर्गांत नसतात. चैत्रांत कार्ल्याच्या एकवीरेची यात्रा, त्याच महिन्याच्या अमावास्येस वज्रेश्वरीची जत्रा. वार्षिक परीक्षेचे दिवसहि बहुधा तेच. भाद्रपदांत आगऱ्यांच्या घरीं गौर बसते, त्या दिवशीं मुलगी शाळेंत येईल ही अपेक्षाच व्यर्थ. कोळीवाड्यांत नारळी पौर्णिमा. शाळा उघडी, गुरुजी हजर, आणि बाकांवर सात-आठ डोकीं. असा दिवस कागदावर कामाचा असतो, प्रत्यक्षांत तो सुटीचाच, फक्त सुटीचा आनंद तेवढा वजा.

आणि आवणी. जुने लोक म्हणतात, आवणीची सुटी द्या. परदेशांत अशी चाल आहे हें खरें. स्कॉटलंडांत ऑक्टोबरांतील सुटीस अद्याप बटाट्याची सुटी म्हणतात, कारण पूर्वीं त्या पंधरवड्यांत मुलें बटाटे वेंचावयास जात. आतां यंत्रें वेंचतात, पण नांव राहिलें. अमेरिकेच्या मेन राज्यांत अरूस्टुक परगण्यांतील कांहीं शाळा बटाट्याच्या काढणीसाठीं आजहि बंद राहतात. तथापि आपल्याकडे ही सुटी देऊं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. आवणीस मुलगा चिखलांत उतरतो कीं नाहीं हा प्रश्न दुय्यम. खरें पाहतां त्या आठवड्यांत शाळा बुडते ती थोरल्या मुलीची. आई शेतावर, म्हणून तान्हें मूल तिच्या कडेवर. शाळेस सुटी दिली तर तिचा तो आठवडा कायमचा तान्ह्याकडे लागेल व कोणी विचारणार नाहीं. शिवाय जुलैंत पावसाच्या सुट्या येतातच. त्यापेक्षां आवणीच्या आठ-दहा दिवसांत शनिवारसारखी सकाळची शाळा ठेवावी. आईनेंहि शेतावर थोडें उशिरां उतरावें, आणि मुलीनें अकराच्या आंत घरीं यावें. बुडालेले तास पुढें हिवाळ्यांत भरून काढतां येतात.

जागेप्रमाणें वेळापत्रक बदलणें हें कांहीं अघटित नाहीं. विदर्भांत ऊन अधिक म्हणून तेथील शाळा जूनमध्यें उशिरां उघडतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गांत गणपतीस शाळा बंद राहतात, व ते दिवस दुसऱ्या सुटींतून वळते करून घेतात. शिक्षणाधिकाऱ्यांच्या संमतीनें असा बदल करण्याची मुभा आहे. मग ठाणे जिल्ह्याच्या खाडीपट्ट्यासच ती कां नसावी? कायदा पाहूं गेलें तर त्यांत आडकाठी नाहीं. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ९ मध्यें स्थानिक प्राधिकरणाचीं कर्तव्यें मोजलीं आहेत. त्यांत शैक्षणिक वेळापत्रक ठरविणें हें एक स्पष्ट कर्तव्य आहे, आणि त्याच कलमांत स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांस प्रवेश मिळवून देणें हेंहि आहे. काल्हेरसारख्या गोदामांच्या गांवास हीं दोन्ही सारखींच लागू पडतात.

तेव्हां दिवाळीच्या सुटीच्या शेवटचे चार दिवस कापून ते गौर, नारळी पौर्णिमा व चैत्रांतील दोन यात्रा यांकडे वळवावेत, ही माझी सूचना. दिवाळीच्या त्या अखेरच्या दिवसांत गरव्या भाताची कापणी चालू असते, तेव्हां हे दिवस कापूं नका, असें एका वृद्ध खातेदारानें मला बजावलें. त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. पण हळवें भात दसऱ्यापासूनच घरीं येऊं लागतें, आणि कापणीस आतां मजूर वा यंत्र मिळतें, हेंहि त्यांस मान्य करावें लागलें. उन्हाळ्याच्या सुटींतून दोन दिवस घ्यावे असा त्यांचा तोडगा आहे. गांवानें दोहोंपैकीं कोणताहि घ्यावा.

दाखल्यांची गोष्ट याहून सोपी आहे. महाराजस्व अभियानांत महसूल खात्यानें शाळांतून दाखले देण्याचीं शिबिरें घेतलेलीं आहेत. तींच जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यांत, ठराविक दोन शनिवारीं, शाळेंतच घ्यावीत. कारकुनांस त्या दोन शनिवारांचा मोबदला पुढें द्यावा. तें अवघड नाहीं, निवडणुकीच्या वेळीं आम्ही रविवारींहि बसलों आहों.

हें सर्व प्रथम शाळा व्यवस्थापन समितीपुढें मांडावयास हवें. तिच्यांत तीन-चतुर्थांश पालक असतात, म्हणजे आपणच. तेथून ग्रामसभेचा ठराव, आणि ठरावाची प्रत जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागास. ग्रामसभा बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवशीं भरते. हे चारहि दिवस सरकारी यादींतले, म्हणून कोणाची कचेरी वा शाळा बुडत नाहीं. पुढील जूनपासून बदल हवा असेल तर २६ जानेवारीची सभाच गांठली पाहिजे. १ मेची सभा त्यास फार उशिराची. ठरावासोबत एकाच कागदावर चार रकाने आंखून द्यावेत: शाळा, कचेरी, बँक आणि गांव. वज्रेश्वरीच्या जत्रेची इंग्रजी तारीख पंचांगावरून आधींच काढून चौथ्या रकान्यांत लिहावी. आणि तो कागद शाळा उघडण्याच्या पंधरा दिवस आधीं शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर, रस्त्यानें जाणाऱ्यास वाचतां येईल अशा उंचीवर चिकटवावा.